घरी मोठे फोटो प्रिंट करायचेत? वाइड फॉरमॅट प्रिंटर घेण्याआधी नाशिककर विचारतात ते प्रश्न

'फोटोसाठी मोठा प्रिंटर घ्यायचाय, कुठला घेऊ?' हा मेसेज दर थोड्या दिवसांनी येतोच. प्रत्येकाला फोनवर तेच ते सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवतो. प्रश्न ज्याच्या-त्याच्या शब्दांतच ठेवलेत, फक्त 'गुड मॉर्निंग सर' तेवढं गाळलंय.

१. वाइड फॉरमॅट म्हणजे फ्लेक्सवाल्याकडे असतं ते मशीन का?

नाही. फ्लेक्सची मशीन वेगळी, शाई वेगळी आणि तिचा वासही घरात सहन होणार नाही असा. आपण बोलतोय ते टेबलावर मावणाऱ्या, पाण्यावर आधारित शाई वापरणाऱ्या फोटो प्रिंटरबद्दल. त्यात घरगुती माणसाच्या कामाचे दोनच आकार आहेत. पहिला ए३+, म्हणजे १३ × १९ इंच (३२९ × ४८३ मिमी). दुसरा १७ इंच रुंदीचा, त्यावर ए२ म्हणजे ४२० × ५९४ मिमीचा कागद जातो. २४ इंचाच्या पुढची मशीन स्टँडवर उभी असतात आणि रोलवर चालतात. स्टुडिओ असेल तरच तिकडे बघा.

२. घरी प्रिंटर घेणं परवडतं का? की लॅबमध्येच दिलेलं बरं?

पैसे वाचवायला घेत असाल तर घेऊ नका, वाचत नाहीत. लॅबमध्ये फोटोग्राफिक कागदावर रासायनिक पद्धतीने निघणारी १२ × १८ ची प्रिंट स्वस्त पडते आणि चांगलीही येते. लग्नाचे, बारशाचे, सहलीचे फोटो खुशाल तिकडे द्या.

घरचा प्रिंटर घ्यायचा तो हातात ताबा हवा म्हणून. नांदूरमधमेश्वरला धुक्यातल्या फ्लेमिंगोंचा फोटो काढलात, त्यातला करडा जरा निळसर हवा की तपकिरी, हे लॅबच्या काउंटरवर उभं राहून ठरत नाही. घरी रात्री एक छोटी पट्टी छापायची, सकाळी खिडकीपाशी नेऊन बघायची, थोडा बदल करायचा, पुन्हा छापायची. यात मजा वाटत असेल तर प्रिंटर तुमच्यासाठी आहे. महिन्याला चार-पाच मोठ्या प्रिंटसुद्धा निघणार नसतील तर मात्र लॅबच बरी. कारण पैशाचं नाही, हेडचं (कागदावर शाई फवारणाऱ्या भागाचं) आहे. ते प्रश्न १२ मध्ये.

३. डाय शाई आणि पिगमेंट शाई यात फरक काय? दुकानदार दोन्ही 'बेस्ट' म्हणतो.

दुकानदार तसा खोटं बोलत नाही, पण दोन्ही एकाच कामासाठी बेस्ट नाहीत.

डाय शाईत रंग पूर्ण विरघळलेला असतो. तो कागदाच्या थरात मुरतो. त्यामुळे ग्लॉसी कागदावर रंग भडक, खोल आणि चकचकीत दिसतात. पिगमेंटमध्ये रंगाचे अतिसूक्ष्म कण असतात आणि ते पृष्ठभागाजवळ बसतात. मॅट आणि कॉटन कागदावर पिगमेंटचा काळा जो उतरतो, तो डायला जमत नाही.

घरी ताडून बघायचं असेल तर दोन्हींची एकेक ग्लॉसी प्रिंट खिडकीपाशी घेऊन जा आणि तिरकी धरा. डायच्या प्रिंटवर चमक सगळीकडे सारखी दिसेल. पिगमेंटच्या प्रिंटमध्ये गडद भाग वेगळा चमकतो, कधी त्यावर तांबूस झाक येते आणि पांढऱ्या ढगाची जागा उलट मंद वाटते. हे कमी करायला कॅननच्या प्रो-३०० मध्ये रंगांच्या जोडीला क्रोमा ऑप्टिमायझर नावाचं पारदर्शक कार्ट्रिज असतं. काचेमागे गेल्यावर हा फरक फारसा कळत नाही.

टिकण्याच्या बाबतीत पिगमेंट सरळ पुढे आहे. डायच्या शत्रू तीन गोष्टी : ऊन, हवेतला ओझोन आणि दमट हवा. उघडी पिनने टाचलेली डायची प्रिंट लवकर उतरते. काचेमागे, उन्हापासून लांब असेल तर बरीच वर्षं नीट राहते. ओल्या बोटाचा डाग डायवर पटकन पडतो.

विकायला, प्रदर्शनाला किंवा पुढच्या पिढीसाठी छापायचं असेल तर पिगमेंट. अल्बम, भेटवस्तू, हौस असेल तर डाय पुरते आणि कमी कटकटीची असते.

४. टाकीवाला ए३ प्रिंटर घेतला तर शाईचा खर्च वाचेल ना?

शाईचा वाचतो, खरं आहे. एप्सनचे एल८१८० आणि एल१८०५० हे ए३+ आकाराचे, सहा शायांचे टाकीवाले प्रिंटर आहेत. रंगीत फोटोसाठी मुख्यतः डाय शाई. एल८१८० मध्ये करडी शाई स्वतंत्र आहे, म्हणून कृष्णधवल फोटोंना तो जास्त बरा. एल१८०५० मध्ये फिकट सायन आणि फिकट मॅजेंटा आहेत. त्वचा आणि आकाश यांच्यासाठी ते उपयोगी.

पण चार शायांचा ऑफिसवाला ए३ टाकी प्रिंटर 'फोटोही येतात की' म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. आकाशातल्या निळ्याच्या उतरत्या छटेत ठिपके दिसतात. बिलं आणि नकाशे छापायला तो चांगला.

५. फार खोलात नको, मॉडेलचं नाव सांगा.

बरं. हौस आणि अल्बम : एल८१८०. ग्लॉसीवर उत्तम रंग, पण कार्ट्रिज चालत असतील : कॅननचा प्रो-२००, आठ डाय शाया. भिंत, प्रदर्शन, मॅट कागद : कॅनन प्रो-३०० किंवा एप्सन पी ७०० मालिका, दोन्ही दहा शायांचे पिगमेंट. १७ इंच : एप्सन पी ९०० मालिका किंवा कॅनन प्रो-१०००. कॅननने प्रो-३१० आणि प्रो-११०० असे पुढचे अवतार आणलेत, त्यामुळे जुना साठा सवलतीत मिळाला तर वाईट नाही. फक्त त्याची कार्ट्रिज अजून सहज मिळतात का ते आधी विचारा. आपल्या गावात कोणत्या कंपनीचा माणूस घरी येऊन दुरुस्ती करतो तेही विचारा. माझ्या मते हे उत्तर मॉडेलपेक्षा महत्त्वाचं आहे. मशीन मुंबईला पाठवावं लागलं तर खोका, जाण्यायेण्याचा खर्च आणि वाट बघणं, तिन्ही तुमच्या माथी.

६. १३ इंची घेऊ की थोडे पैसे घालून १७ इंची?

आधी जागा मोजा. प्रो-१००० चं वजन ३२ किलोच्या आसपास आहे; एकट्याने माळ्यावर ठेवायची वस्तू नाही. कित्येक फोटो प्रिंटरमध्ये जाड कागद एकेक करून सरळ वाटेने घालावा लागतो, म्हणजे मागेपुढेही मोकळी जागा हवी. भिंतीला चिकटवून ठेवलेल्या टेबलाचा उपयोग नाही.

तरीही १७ इंचीच्या बाजूने एक मुद्दा भक्कम आहे : कार्ट्रिज मोठी. प्रो-३०० चं कार्ट्रिज १४.४ मिलीचं, पी ७०० चं २५ मिलीचं, पी ९०० चं ५० चं आणि प्रो-१००० चं ८० चं. मोठ्या कार्ट्रिजमध्ये मिलीमागे दर कमी पडतो. नेमाने छापणाऱ्याला हा फरक लवकर जाणवतो, अधूनमधून छापणाऱ्याला कधीच नाही. आपल्या घरांच्या भिंतींवर पासपार्टू (फोटोभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) लावलेली ए३+ ची फ्रेम पुरेशी मोठी दिसते, म्हणून बहुतेकांना मी १३ इंचीच सुचवतो.

७. माझा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा आहे. एवढी मोठी प्रिंट फाटणार (ठिपके-ठिपके दिसणार) नाही ना?

नाही. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० × ४००० पिक्सेल. १८ इंच लांबीच्या प्रिंटला इंचामागे ३३३ पिक्सेल मिळतात. ३०० मिळाले तरी चिक्कार. १७ × २२ च्या कागदावर हा आकडा २७० पर्यंत उतरतो, तरी हरकत नाही, कारण मोठी प्रिंट कुणी नाकाला लावून बघत नाही. १२ मेगापिक्सेलचा मोबाइल ४००० × ३००० देतो. १६ इंचाला २५० झाले, उजेडात काढलेला असेल तर चालेल.

अडतं ते व्हॉट्सॲपवर. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो बहुतेक वेळा लांब बाजूला १६०० पिक्सेलच्या आसपास येतो. त्याची आठ इंचाच्या वर नीट प्रिंट निघत नाही. फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवा, मूळ फाइल येते.

८. कागद कोणता घ्यायचा? दुकानात तर नुसता 'ग्लॉसी' मिळतो.

सुरुवातीला लस्टर किंवा सॅटिन (मंद चमकेचा) घ्या, २४० ते ३०० जीएसएमचा (चौरस मीटरमागे ग्रॅम, म्हणजे कागदाचा जडपणा), प्लॅस्टिकचा थर असलेला. त्यावर बोटांचे ठसे कमी दिसतात, डाय-पिगमेंट दोन्ही चालतात. ग्लॉसी डोळ्यात भरते, पण ट्यूबलाइटखाली त्यात फोटोपेक्षा ट्यूबच जास्त दिसते.

पिगमेंटचा प्रिंटर असेल तर एकदा तरी कॉटन रॅग कागदावर छापून बघा. हानेम्युले फोटो रॅग ३०८ जीएसएमचा आहे. किंमत बघून हात थांबतो, म्हणून आधी नमुन्याचं पाकीट मागवा. मॅट कागदाला मॅट ब्लॅक लागतो, ग्लॉसीला फोटो ब्लॅक. वर सांगितलेल्या दहा शायांच्या पिगमेंट मशीनमध्ये दोन्ही काळे एकाच वेळी बसतात. काही जुन्या मॉडेलमध्ये अदलाबदल करताना शाई वाया जायची, सेकंडहँड घेताना हे लक्षात ठेवा (प्रश्न १६).

कागदाची फक्त एकच बाजू छपाईची असते. मॅटमध्ये ती पटकन कळत नाही. कोपऱ्याला किंचित ओलं बोट लावा, चिकट लागते ती बाजू.

९. स्क्रीनवर फोटो झकास दिसतो, प्रिंट काळपट येते. प्रिंटर खराब आहे का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि दोष शंभरातल्या नव्वद वेळा स्क्रीनच्या ब्राइटनेसचा. लॅपटॉप फुल्ल ब्राइटनेसवर ठेवून एडिट केलं की फोटो मुळातच गडद होतो. एडिट करताना स्क्रीन ८० ते १२० कँडेलाच्या दरम्यान असावी. मोजायचं यंत्र नसेल तर प्रिंट काढताय तसा कोरा कागद दिवसाच्या उजेडात स्क्रीनशेजारी धरा आणि स्क्रीनवरचा पांढरा त्याच्याएवढा होईपर्यंत ब्राइटनेस खाली आणा. मोठ्या प्रिंट नेमाने काढणार असाल तर कॅलिब्रेशनचं यंत्र घ्या किंवा चार मित्रांत मिळून घ्या. ते रोज लागत नाही.

एवढं करूनही रंगच भलते येत असतील, सगळंच लाल किंवा जांभळट, तर दोन ठिकाणी रंगाचं व्यवस्थापन चालू आहे. फोटोशॉप किंवा लाइटरूममध्ये कागदाचं आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उतरतात ते सांगणारी फाइल) निवडलं असेल तर प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये कलर मॅनेजमेंट बंद करायचं. दोघांनी एकच काम केलं की असं होतं. आणि ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकार बरोबर निवडलाय ना? 'प्लेन पेपर' तसाच राहिलेला असतो, हे तर मी आता आधीच विचारतो.

१०. रंगपंचमीच्या रहाडीचा (रंगीत पाण्याच्या हौदात उडी मारतानाचा) फोटो आहे. स्क्रीनवरचा केशरी-गुलाबी प्रिंटमध्ये येतच नाही.

तो येणारही नाही, निदान पूर्ण नाही. स्क्रीन उजेड फेकते, कागद नुसता परावर्तित करतो. ओल्या अंगावर ऊन पडलेला रहाडीचा गडद रंग हा कागद आणि शाईच्या आवाक्याबाहेरचा असू शकतो. एडिटिंग सॉफ्टवेअरमधलं सॉफ्ट प्रूफ चालू करून बघा, कुठले रंग मावत नाहीत ते तिथेच दाखवतं. मग सॅच्युरेशन सरसकट कमी करू नका, फक्त त्या रंगाचं थोडं खाली घ्या आणि पाण्याच्या थेंबांतला कॉन्ट्रास्ट वाढवा. उडीतला जोर रंगापेक्षा थेंबांतून दिसतो. कागदही बदलून पाहा. अशा फोटोला ग्लॉसी किंवा लस्टरच. मॅटवर हा रंग आणखी मवाळ होतो.

११. हरिहरच्या पायऱ्यांचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो खिडकीत करडा दिसतो आणि बल्बखाली हिरवट. का?

करडा रंग जेव्हा सायन, मॅजेंटा, यलो मिसळून तयार होतो, तेव्हा उजेड बदलला की तो डगमगतो. स्वस्त एलईडीखाली जास्तच. दोन-तीन वेगवेगळ्या करड्या शाया असलेल्या प्रिंटरमध्ये हे खूप कमी होतं, कारण करडा करड्यानेच भरला जातो. ड्रायव्हरमध्ये ब्लॅक अँड व्हाइटचा वेगळा मोड असतो तो वापरा. कृष्णधवलच तुमचं मुख्य काम असेल तर प्रश्न ३ चा निर्णय इथेच झाला, पिगमेंट घ्या. आणि प्रिंट जिथे लावणार त्या दिव्याखालीच शेवटची तपासा.

१२. उन्हाळ्याच्या सुट्टीत बाहेरगावी होतो. आल्यावर प्रिंटमध्ये आडव्या रेघा. हेड चोक झालं का?

झालं असावं. नाशिकचे एप्रिल-मे इंकजेटला वाईट : पारा चाळिशीला आणि हवा कोरडी ठणठणीत. नोझलची भोकं केसापेक्षा कितीतरी बारीक असतात. छपाई बंद असली की तोंडाशी शाई घट्ट होते.

इंदिरानगरच्या एका काकांचं उदाहरण सांगतो. ते मे महिनाभर मुलाकडे होते. परत आल्यावर नोझल चेकचा (सगळ्या भोकांतून शाई येते का ते दाखवणाऱ्या जाळीचा) कागद काढला, तर मॅजेंटाच्या जाळीत मधल्या रेघा गायब आणि पिवळ्याचा चौकोन उजेडाकडे धरल्याशिवाय दिसतच नव्हता. घाबरून त्यांनी लागोपाठ क्लीनिंग लावलं, मग पॉवर क्लीनिंग. रेघा तशाच राहिल्या, कार्ट्रिज तेवढी रिकामी झाली. ती सगळी शाई मेंटेनन्स बॉक्समध्ये जाते आणि तो भरला की मशीन कामच थांबवतं. फोन आला तेव्हा एवढंच सांगितलं की आता हात लावू नका. रात्रभर ठेवलं, सकाळी साधं क्लीनिंग एकदा, आणि जाळी जवळजवळ पूर्ण आली. मधल्या वेळात ताजी शाई सुकलेली शाई सैल करते.

म्हणून रीत अशी : नोझल चेक, क्लीनिंग, पुन्हा चेक. दोनदा करून फरक नसेल तर आठ-दहा तास थांबा. हेडवर घरगुती द्रव, स्पिरिट, इंजेक्शनची सुई हे यूट्यूबचे प्रयोग वॉरंटीतल्या मशीनवर तर नकोच.

मुळात होऊ नये म्हणून आठवड्यातून एक ४ × ६ ची रंगीत प्रिंट काढा, ज्यात सगळे रंग येतील अशी. बाहेरगावी जाताना शेजारच्या पोराला बटण दाखवून ठेवा. मशीन झाकून ठेवा, पंख्याच्या किंवा कूलरच्या झोतात ठेवू नका.

१३. पावसाळ्यात कागदाच्या कडा वर येतात आणि प्रिंटवर काळे ओरखडे पडतात.

ओलाव्याने कागद फुगतो, कडा हेडला घासते. त्र्यंबकच्या बाजूला राहणाऱ्यांना हे जास्त जाणवेल. कागद मूळ प्लॅस्टिकमध्ये, खोक्यात, आडवा ठेवा. लागेल तेवढाच बाहेर काढा, उरलेला ट्रेमध्ये सोडू नका. ड्रायव्हरमध्ये जाड कागदासाठी हेड उचलायची सेटिंग असते, ती चालू करा. वाकलेली कडा छापण्याआधी हाताने उलट दिशेला हलकीच सरळ करा. डाय प्रिंट असेल तर सुकायला जास्त वेळ द्या.

१४. आमच्याकडे लाइट जाते. प्रिंटरला यूपीएस हवा का?

छोटा असेल तर बरा. इंकजेटला लेझरसारखा मोठा झटका लागत नाही. पण त्याहून मोठी चूक लोक रोज करतात : प्रिंटर भिंतीवरच्या बटणाने बंद करणं. प्रिंटरच्या स्वतःच्या बटणाने बंद केला तरच हेड जागेवर जाऊन त्यावर टोपी बसते. मध्येच लाइट गेली तर हेड उघडं राहतं. लाइट आल्यावर लगेच चालू करा आणि मशीनच्याच बटणाने बंद करा.

१५. बाहेरची शाई भरली तर चालते का? निम्म्याहून स्वस्त आहे.

कागदावर रंग उमटतो, त्या अर्थी चालते. पण कंपनीचं कागदाचं प्रोफाइल त्या शाईला लागू पडत नाही, म्हणजे प्रश्न ९ पुन्हा पहिल्यापासून. टिकाऊपणाची खात्री नाही, वॉरंटीला अडचण. टाकीवाल्या डाय मशीनमध्ये पिगमेंट किंवा सब्लिमेशनची शाई भरणारे भेटतात. कपांवर आणि टी-शर्टवर छापायचा धंदा असेल तर त्यासाठी वेगळं मशीन ठेवा, एकाच टाकीत दोन जातींची शाई कधीच नाही.

१६. सेकंडहँड पिगमेंट प्रिंटर मिळतोय, निम्म्या किमतीत. घेऊ?

तुमच्या डोळ्यांसमोर नोझल चेक काढून दाखवला तरच. 'शाई संपलीय म्हणून दाखवता येत नाही' म्हणाले तर निघून या. शेवटची प्रिंट कधी काढली ते विचारा. वर्षभर पडून असलेलं मशीन फुकट मिळालं तरी महाग पडू शकतं, कारण नवं हेड बसवायचा खर्च कधी कधी मशीनच्या किमतीच्या जवळ जातो. मेंटेनन्स बॉक्स किती भरलाय ते बघा. तो बदलता येतो की शाई आतल्या स्पंजमध्ये जाते, तेही विचारा. स्पंज असेल तर सर्व्हिस सेंटर आलंच. स्वच्छ नोझल चेक, चालू मॉडेल, शाई मिळतेय, एवढं जुळलं तर मात्र सौदा चांगला.

१७. एक ए३+ प्रिंट मला केवढ्याला पडेल?

हिशेब स्वतः करा, दर बदलत राहतात. ए३+ कागदाचं क्षेत्रफळ साधारण ०.१६ चौरस मीटर. फोटो किती गडद आहे त्यावर शाई बदलते, पण अंदाजाला दोन मिली धरा. कार्ट्रिजची किंमत भागिले त्यातले मिली, गुणिले दोन, अधिक एका कागदाची किंमत. त्यावर वाया गेलेल्या प्रिंट आणि क्लीनिंगसाठी निदान चौथा हिस्सा चढवा. नव्या मशीनसोबत आलेली पहिली कार्ट्रिज लवकर संपतात तेव्हा कंपनीला शिव्या देऊ नका, त्यातली बरीच शाई पहिल्यांदा नळ्या आणि हेड भरण्यात जाते.

१८. फ्रेम करून आणली आणि आठवड्यात काचेच्या आत धुकं दिसायला लागलं.

प्रिंट पूर्ण सुकण्याआधी फ्रेम झाली. हाताला कोरडी लागली तरी शाईतले संथ उडणारे द्रव निघत राहतात, आणि प्लॅस्टिक थराच्या कागदात ते फक्त वरूनच निघतात. प्रिंटवर साधा कोरा कागद ठेवून एक दिवस राहू द्या, तो कागद बदला, आणखी एक दिवस. पावसाळ्यात जास्त. फ्रेमवाल्याला पासपार्टू लावायला सांगा, म्हणजे प्रिंट काचेला टेकणार नाही. आता आलेलं धुकं काच उघडून पुसलं की जातं, प्रिंटला इजा नसते.

१९. रामकुंडाचा पॅनोरमा आहे, १३ इंच बाय जवळजवळ चार फूट. घरी निघेल?

रोल घेणारं मशीन असेल तर. पी ७०० मालिकेत रोलची सोय अंगचीच आहे, पी ९०० ला रोलचं युनिट वेगळं घ्यावं लागतं, प्रो-१००० रोल घेत नाही. रोलवर बॉर्डरलेसचा हट्ट धरू नका. त्यात कडेबाहेर शाई उडते आणि आतून मशीन घाण होतं. वर्षाला एखादाच असा फोटो असेल तर त्यासाठी मशीन निवडू नका, तेवढी एक प्रिंट बाहेरून काढून आणा. रोलची प्रिंट दोन दिवस उलट्या बाजूने सैलसर गुंडाळून ठेवा, मग फ्रेमवाल्याकडे न्या, नाहीतर तो ती सपाट करायला टेप लावेल.